मामांचं पिवळं कार्ड

"पासपोर्ट विसरलात तर विमानतळावरून घरी याल. पिवळं कार्ड विसरलात तर घानाला पोचून घरी याल." आमच्या ऑफिसातले मामा शर्टाच्या खिशावर दोन बोटं आपटत हे वाक्य म्हणायचे.

हैदराबादची आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते आणि घानातल्या खेड्यांत नेऊन बसवते. पहिल्यांदा जाणाऱ्याची सगळी तयारी मामांकडे असायची. व्हिसा, तिकीट, पीतज्वराची लस आणि ती घेतल्याचं ते पिवळं कार्ड. माणूस मूळचा नांदेडकडचा, राहायला चिक्कडपल्लीत. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याच्यावाचून कोणाचं पान हलत नाही.

माझी पाळी आली आणि मी नेमकी डावखुरी निघाले. "डाव्या हातानं दिलं की तिथं लोकांना वाईट वाटतंय," असं सांगून त्यांनी मला पंधरा दिवस सगळ्या फायली उजव्या हाताने द्यायला लावल्या. चार माणसं बसलेली असली की उजवीकडून सुरुवात करून एकेकाला नमस्कार करायचा, हीही तिथली रीत. सराव म्हणून मी रोज सकाळी अकाउंट्सवाल्यांना उजवीकडून नमस्कार करत जायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं.

बेगम बाजारात खरेदीला गेलो, तर माझ्या हातातलं तिखटाचं पाकीट मामांनी काढून परत ठेवलं. "मिर्ची कायकू घेतीस, पोरी? ते लोक आपल्याहून ज्यास्ती तिखट खातेत. पोहे घे." तिथल्या स्वयंपाकघरात जन्म गेल्यासारखं बोलायचे. घानाला दहादा तरी जाऊन आले असणार, असं मी धरूनच चालले होते.

एक खोड मात्र होती. मटणावर तुटून पडणारा हा माणूस बिर्याणीत अंडं दिसलं की ताट सरकवायचा. "अंडं नक्को," एवढंच. त्यावरून आम्ही त्यांना फार चिडवायचो.

लस घ्यायला ते माझ्यासोबत आले. नर्सने विचारलं, "अंड्याची ॲलर्जी?" मी हसून मामांकडे बोट दाखवलं. "मला नाही. अंडं यांना चालत नाही."

नर्स फॉर्म भरता भरता म्हणाली, "मग यांना ही लस देता येणार नाही. ती अंड्यातच तयार करतात."

"मालूम आहे," मामा म्हणाले. "तीन डॉक्टरांना इचारलं."

लस नाही म्हणजे कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणजे घाना नाही. बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी सांगितलं. जायची फार हौस होती. पासपोर्ट काढला, त्याची मुदत संपली, दुसरा काढला. दोन्ही कोरे. आमच्या सगळ्यांच्या बॅगा भरून देणारा हा माणूस स्वतः कधीच गेला नव्हता, आणि आम्ही त्याला अंड्यावरून चिडवत होतो. मला फार लाज वाटली.

"तुमच्यासाठी काय आणू, मामा?"

"आणू नक्को काही. पंप चालू झाला की पहिलं पाणी कोण पितंय, तेवढं बघून सांग. आतापर्यंत गेलेले सगळे पाण्याचं प्रेशर सांगतेत. पाणी कोण पिलं, ते कोणीच सांगत नाही."

पंप सुरू झाला तेव्हा सगळा गाव जमला होता. एका म्हाताऱ्याने पहिला पेला भरला आणि न पिता जमिनीवर ओतला. मी तिथूनच फोन लावला. "मामा, पहिलं पाणी कोणी प्यायलंच नाही. खाली ओतलं. जे वारले, जे इथं येऊ शकले नाहीत, त्यांच्या वाट्याचं म्हणे."

मामा म्हणाले, "हौ का? म्हंजे माझं बी त्यात आलं की."

मामांना जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात मी पुन्हा तिकडे होते, दुसऱ्या एका गावात. पंप सुरू झाला आणि पाहुणी म्हणून गावकऱ्यांनी पहिला पेला माझ्यापुढे धरला. मी तो उजव्या हाताने घेतला आणि सगळा खाली ओतला.