पहिलं नाव दादांचं

डिजिटल सहीसाठी मोबाईलवर छोटा व्हिडिओ द्यावा लागतो. कॅमेऱ्याकडं बघून आपण कोण ते सांगायचं, एवढंच. धाराशिवच्या माझ्या कर-सल्ल्याच्या ऑफिसात सिद्धार्थराव ताठ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी सिद्धार्थ, सहशिक्षक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा."

मी मोबाईल खाली ठेवला.

"तुम्ही शिक्षक आहात?"

"व्हय. सोळा वर्षं झाली."

शेजारी त्यांची धाकटी बहीण प्रज्ञा होती. ती बेंबळीत घरी बसून पुण्याच्या एका आर्किटेक्टला कॉम्प्युटरवर इमारतींची ड्रॉइंग काढून देते. आता त्यांनी वर्षभराचं काम देऊ केलं होतं, पण नोंदणी आणि जीएसटी नंबर हवा होता. प्रज्ञानं प्रायव्हेट लिमिटेडच काढायचं मनात घेतलं होतं. तिथं किमान दोन डायरेक्टर लागतात. दुसरे तिचे दादा, आणि फॉर्मवर पहिलं नाव त्यांचं. दादा काय करतात विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "शेती बघतात." मीही 'शेती' लिहून मोकळा झालो. वीस वर्षं सल्ले देतोय, पण नोकरी आहे का हे विचारायचं सुचलं नाही. स्वतःचाच राग आला.

"सरकारी पगार घेणाऱ्याला परवानगीशिवाय कंपनीत डायरेक्टर होता येत नाही," मी म्हणालो. "कुणी तक्रार केली तर चौकशी लागेल. नोकरीवर येईल."

प्रज्ञाचा चेहरा उतरला. "खोटं न्हाय बोलले साहेब. शाळा सुटल्यावर शेती तेच बघतात. आमच्या घरी समदं दादांच्याच नावानं असतंय. मला कॉलेजात घालायला यांनी स्वतःचं बी.एड. सोडलं."

"परवानगी मागतो की," गुरुजी म्हणाले.

"मागा. पण ती येईपर्यंत पुण्याचं काम थांबेल का?"

प्रज्ञानं नकारार्थी मान हलवली.

"कंपनीच कशाला हवी?" मी प्रज्ञाला विचारलं.

"उद्या ड्रॉइंग चुकलं, कुणाचं नुकसान झालं, तर घरावर येऊ नये."

पोरगी शहाणी होती. कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत वेगळा माणूस. तिचं देणं सहसा तुमच्या घरापर्यंत येत नाही. प्रोप्रायटरशिपमध्ये तुम्ही आणि धंदा एकच, देणंही तुमचंच. पण कंपनीला काम असो नसो, दरवर्षी ऑडिट आणि फॉर्म चुकत नाहीत; बंद करतानाही नाकी नऊ येतात. एकटीची कंपनी निघते, पण कागदांचा जाच फारसा कमी होत नाही. शिवाय चूक स्वतःच्या हातची असेल तर कंपनी दर वेळी वाचवतेच असं नाही.

तिथूनच आर्किटेक्टना फोन लावला. "प्रोप्रायटरशिप चालेल?"

"जीएसटी असला की चालेल."

"चूक झाली तर भरपाई तिच्या फीपुरतीच, असं करारात लिहाल?"

ते म्हणाले, "लिहू."

घरावरची टांगती तलवार बरीचशी दूर झाली. नवा फॉर्म उघडला. "फर्मचं नाव?"

"दादांचं लावा," प्रज्ञा म्हणाली. "नुसतं नाव तर चालतंय न्हवं?"

चालतं, असं मी म्हणणार तोच गुरुजी बोलले. "नको. हिला गावात कुणी नावानं वळखत न्हाय साहेब. गुरुजींची बहीण, एवढंच. म्या हिला शिकवलं ते माझं नाव लावाया न्हाय. हिचंच लिहा."

प्रज्ञा ओढणीनं डोळे पुसत होती. माझंही मन भरून आलं, म्हणून मी उगाच फाईल चाळत बसलो.

काम मिळालं. दोन महिन्यांनी बेंबळीला गेलो तेव्हा दारावर बोर्ड होता, 'प्रज्ञा ड्रॉइंग सर्व्हिसेस'. अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल, रेघेत; गुरुजींनी स्वतः रंगवलेलं. त्या घरात तिच्या नावावर झालेली ती पहिली गोष्ट.

तेव्हापासून मी फॉर्म उघडण्याआधी प्रत्येकाला विचारतो, नोकरी कुठं करता? शेती बघतो म्हणाला, तरी विचारतो.