ओढणीतली कोलांटउडी

जुन्या जालन्यात रस्त्याकडच्या मैदानावर माझी नात ताइडो शिकते. ताइडो म्हणजे कोलांट्या मारत लाथा घालायची जपानी विद्या. तिथं एका मारवाडी घरची सून येते. नाव मी विचारलं न्हाई. पांढऱ्या ड्रेसवर डोक्याला ओढणी घेऊनच ती हवेत उलटी होते.

"सासरे याच रस्त्यानं दुकानात जातात, आजी. डोकं उघडं दिसलं की क्लास बंद!"

मी तिच्या वयात सासऱ्यांची चाहूल लागली की बाजेखाली घुसायचे. एकदा तिथं अंड्यांवर बसलेल्या कोंबडीनं टोचून मला बाहेर काढलं.

परवा सासऱ्यांची स्कूटर मैदानाशी थांबलीच. पोरीनं ओढणी नाकापर्यंत ओढली. सासरे खाकरले.

"बहू, आधी ती ओढणी सोड. डोळ्यांवर आली तर मान मोडंल. मार उडी, मी बघत न्हाई."

अन् पाठ फिरवून ते स्कूटरच्या आरशात बघत राहिले.