चालत्या स्टोव्हची विचारपूस

गोदूताईंची आणि माझी ओळख आमच्या स्टोव्हने करून दिली. लग्न होऊन मी डोंबिवलीत नुकतीच आले होते. चहाचे आधण ठेवले होते, तोच शेजारच्या बिऱ्हाडातल्या एक बाई सरळ स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, "नवी सून ना गं तू? तुमच्या स्टोव्हला दमा लागलाय, भिंतीपलीकडे ऐकू येतंय. जरा खोबरेल आण बघू." मला वाटले, माझी वेणी घालणार! त्यांनी स्टोव्हचा पंप उपसला, आतला वाळलेला कातडी वॉशर तेलात भिजवला, पुन्हा बसवला आणि चार दट्टे मारले. स्टोव्ह असा गरजला की माजघरात सासूबाईंचा जप चुकला.

या गोदावरीबाई आठल्ये. मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवतात. आज त्यांना साठावे वर्ष लागले. त्यांच्या विद्यार्थिनी सुगरण निघाल्या की नाही ते त्यांचे नवरे सांगतील. पण एकीचाही स्टोव्ह पाहुण्यांसमोर विझत नाही, हे मी सांगते.

ताईंचे म्हणणे साधे आहे. घरातली वस्तू कामाच्या दिवशीच बिघडते, कारण बाकीचे दिवस तिच्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून सणाच्या आधी सवडीने त्या स्टोव्ह उघडून बसतात, गुळगुळीत झालेला पाटा टाकवून घेतात, पातेल्यांना कल्हई करवतात. हिंगाच्या रिकाम्या डबीत वॉशर, पिना आणि बर्नरवर बसणारे, रॉकेल फवारणारे जादा निपल. चाळीतल्या बायका हसत, "आठल्येबाई स्टोव्हचं बाळंतपण करताहेत!" ताई म्हणत, "हसा. अडलात की मलाच हाका माराल."

आणि आम्ही अडलो. माझ्या नणंदेचा, कुसुमचा, साखरपुडा दसऱ्याला ठरला. आधीची दोन स्थळे अगदी शेवटच्या बोलणीत फिसकटली होती, त्यामुळे घरात सगळे दबक्या पावलांनी वावरत होते. ठाण्याहून येणारी वरमाय शिस्तीची, जेवणाची वेळ चुकलेली त्यांना खपत नाही, असा निरोप मध्यस्थांनी दोनदा पाठवला होता. ताईंनी आधीच बजावले, "स्टोव्ह माझ्याकडे पाठवा." सासूबाई म्हणाल्या, "चांगले चालताहेत की! कशाला उगाच उघडायचे?" पण खांडेनवमीला शस्त्रांची पूजा हवीच. आमच्या कारकुनी घरात शस्त्रे कुठली? सासूबाईंनी तिन्ही स्टोव्ह पाटावर मांडले, पाणी शिंपडले आणि वरून मनोभावे हळदकुंकू वाहिले. ते थेट बर्नरच्या पोटात गेले.

दसऱ्याला सकाळी एकही स्टोव्ह पेटेना. घरातले पुरुष मदतीला धावले. त्यांनी पिना टोचटोचून कुंकू आणखी आत ढकलले आणि एकमेकांना दोष देत बाहेर जाऊन बसले. शेगडी भाताने अडवलेली. श्रीखंडाला आच लागत नाही म्हणून निम्मी अब्रू शाबूत होती. बाकीची निम्मी पुऱ्यांवर. कुसुम नवी साडी नेसून दारात उभी, आणि तिच्या डोळ्यांत पाणी.

ताई आल्या, पदर खोचला, पहिला निपल काढून हातावर आपटला. लाल गाळ निघाला. त्यांनी सासूबाईंकडे पाहिले. सासूबाईंचा चेहरा पार उतरला होता. ताई पुढच्या निपलाकडे वळल्या. एका निपलात पिन मोडली होती, तो डबीतल्या निपलाने बदलला. बाकीचे रॉकेलमध्ये धुऊ लागल्या. तेवढ्यात वरमाय दारात! जमिनीवर पसरलेला संसार पाहून म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

सासूबाईंनी डोळे मिटले.

"या ना," ताई शांतपणे म्हणाल्या, "स्टोव्हची पूजा चाललीय. तुमच्या विहीणबाई फार भाविक. तुमच्याकडे नाही करत?"

वरमाय निपलांकडे वाकून पाहू लागल्या. मग पाट ओढून बसल्याच. "आमचासुद्धा मेला हल्ली धूर सोडतो हो. त्याला काय करायचं?"

पुऱ्या वेळेवर फुगल्या. कुसुम आज ठाण्यात सुखाने नांदते आहे. सासूसुना मिळून स्टोव्ह उघडतात, असे ऐकते. माझ्या सासूबाई अजून खांडेनवमीला कुंकू लावतात, पण स्टोव्हच्या रॉकेलच्या टाकीला, आणि ताईंनी स्टोव्ह साफ केल्यावर. त्या दिवसाबद्दल ताईंनी चाळीत कोणाला अवाक्षर सांगितले नाही. आज मी सांगते आहे, तेही सासूबाईंच्या आज्ञेवरून.

ताई, तुमची एक तक्रार मात्र करायची आहे. जिना चढताना तुमचे गुडघे वाजतात, ते आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू येते. विचारले की म्हणता, "चालताहेत की!" हे वाक्य आमच्या घरातले आहे, तुम्ही वापरू नका. सवड आहे तोवर, आत्ताच वैद्यांना दाखवा. पंचाहत्तरीच्या पंगतीला पुऱ्या आम्ही तळू. शेजारी पाट टाकून, स्टोव्हच्या आवाजाला नावे ठेवायला तुम्ही धडधाकट बसलेल्या हव्यात.