उघड्या हाताची सवय

आमच्या मोठ्या दिरांना बंदरावर सगळे वैद्यबुवा म्हणतात. मोठी जहाजं धक्क्याशी ओढून आणणाऱ्या टगवर ते एकतीस वर्षं इंजिन सांभाळतायत. फेरीआधी डिझेलच्या नळीच्या प्रत्येक सांध्यावरून उघडा हात फिरवायचा, बोटं नाकाशी न्यायची आणि सांगायचं, "तिसरा सांधा पाझरतोय." त्यांचं निदान कधी चुकलं नाही. त्यांच्या तेलकट कपड्यांची बादली आमच्या मोरीत कायम वेगळी असे.

मग कंपनीने टग डिझेलऐवजी मिथेनॉल या इंधनावर चालवायचं ठरवलं. काजळी जवळजवळ नाहीच, धूर कमी. इंजिनवाल्यांना मात्र नवा परवाना काढायचा होता; न मिळाल्यास टग सोडून गोदामात बदली. लेखी परीक्षा भाऊजींनी सहज पार केली. प्रात्यक्षिकाला इंजिनखोलीत शिरले आणि थेट पहिल्या सांध्यावर हात ठेवला. हातमोजे खिशात.

"झालं तुमचं," परीक्षक म्हणाला. "हे कातडीतून अंगात भिनतं. पेटलं तर दिवसाउजेडी जाळसुद्धा दिसत नाही. दोन आठवड्यांनी या. शेवटची संधी."

घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "हाताने घात केला."

"मग हाताला समज द्या की," जाऊबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मला देताय तशी."

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाईंनी तालीम सुरू केली. "अहो, गॅस बंद आहे का बघा जरा," म्हणायचं आणि भाऊजी बटणाला हात लावायला गेले की आतून ओरडायचं, "नापास!" दार, पंखा, इस्त्री, कशालाही आधी हातमोजे. चौथ्या दिवशी भाऊजी हात पाठीमागे बांधूनच घरात वावरू लागले.

"बाग बघायला आलेले साहेब!" जाऊबाई म्हणाल्या.

भाऊजी हसले नाहीत. "इंजिनखोलीत भिंतीवर यंत्र बसवलंय. गळती झाली की तेच ओरडतं. मग माझं काय काम?"

जाऊबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ओरडल्यावर पुढे काय करायचं, ते भिंत ठरवणार का?"

दुसऱ्या परीक्षेला भाऊजींनी दारातच मोजे, चष्मा चढवला, यंत्रावरचा आकडा वाचला, मग पाऊल आत टाकलं. परीक्षकाने मुद्दाम गळतीचा भोंगा वाजवला. भाऊजी उलट्या पावली बाहेर आले, परीक्षकालाही दंडाला धरून बाहेर काढलं आणि बाहेरची झडप फिरवून इंधन तोडलं.

"सांधे नाही बघायचे?"

"बघू. आधी आतली हवा मोकळी होऊ दे."

परवाना मिळाला. टग तीच राहिली, मोरीतली वेगळी बादली मात्र आता फरशी पुसायला गेली. एक खोड तेवढी घरात उरली. जेवायच्या वेळी भाऊजी हात मागे बांधून उभे असतात. जाऊबाई ताट घेऊन ताटकळतात.

"हात पुढे करा. जेवण आहे, मिथेनॉल नाही."

ते हात पुढे करतात, पण त्याआधी एकदा खिसा चाचपतात.