कोलशेतची ओपन जिम

लोक सुट्टीला मनालीला जातात, आम्ही डोंबिवलीहून ठाण्याला गेलो. कोलशेतला माझ्या बहिणीने नवा फ्लॅट घेतलेला, तिथली हवा खायला! सोबत आई-बाबा. बाबांचा उजवा खांदा आखडलेला. हात कानापर्यंतही जायचा नाही, शर्टसुद्धा आई घालून द्यायची. डॉक्टरांनी व्यायाम दिलेले, पण बाबा एक नंबरचे हट्टी. "दुखतंय," म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. आईने समजावलं, मी भांडले, बहिणीने फोनवर रडून दाखवलं. ढिम्म! हात कायमचा असाच राहिला तर, या धास्तीने आईची झोप उडालेली.

संध्याकाळी पाय मोकळे करायला खाडीच्या बाजूला निघालो, तर वाटेत एक बाग लागली. आत कुठे दगडाचं वेटोळं, कुठे लोखंडाचा चेपलेला पत्रा. हे काय बुवा, असं मी म्हणतेय तोवर बाबा एका उंच खांबापाशी पोचलेसुद्धा. खांबाला भलंमोठं लोखंडी चाक.

"वा! ओपन जिम!"

आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिकांचं असंच असतं. घरी बोट हलवणार नाहीत, पण बागेत रंगवलेलं लोखंड दिसलं की लटकलेच. बाबांनी चाकाची कड धरली आणि फिरवायला लागले. चाक करकरलं. "तेल नाही घातलंय मेल्यांनी!" बाबा खेकसले. ट्रॅकपँट घातलेले दोन आजोबा "तुमचं झालं की सांगा हं" म्हणत मागे उभे राहिले.

मी शेजारची पाटी वाचली. अहो, ते शिल्प होतं! खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, हात लावू नये. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने दंडाला असा चिमटा काढला की आई गं! मग ती स्वतःच पाटीला पाठ लावून उभी राहिली. बाबांचा उजवा हात डोक्याच्या वर गेला होता. मला हसूही येत होतं आणि रडूही, काय सांगू.

शिट्टी फुंकत वॉचमन धावत आला. आईने त्याला मधेच गाठलं.

"दादा, पाया पडते, त्यांना काही बोलू नका. फार नियमाचा माणूस आहे हो. शिल्प आहे असं कळलं तर आखडलेला हात खाली घेतील, आणि मग परत वर करायचे नाहीत."

वॉचमनने बाबांच्या हाताकडे पाहिलं. शिट्टी खिशात टाकली.

"काका," तो ओरडला, "आता उलटं फिरवा!"