बापूंचा पिवळा बल्ब

आमच्या शेजारचे बापू कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीवरच्या बटणांकडे बघत. मोकळ्या खोलीतला दिवा विझवूनच खुर्चीवर टेकत. "माणूस न्हाय तिथं उजेड कुणासाठी जाळतायसा?" शिरोली एमआयडीसीत भट्टीसमोर उभं राहून त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. आमच्या गल्लीत एलईडी बल्ब पहिल्यांदा लागले ते त्यांच्याच घरी, आणि मग त्यांच्या तगाद्यानं सगळ्यांकडे.

पुढे त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकींच्या, डोक्याचं ऑपरेशन झालं आणि तो पांढरा लख्ख उजेड त्यांना सोसेना. पदर डोळ्यांवर ओढून पडून राहत. दिवा बंद केला तर अंधारात जीव घाबरा होई. मुलगी पेठ वडगावला सासरी; औषधं, अंघोळ, भात भरवणं, सगळं बापूच करत. एका दुपारी माझ्याकडे आले ते दाराच्या चौकटीला टेकूनच उभे राहिले.

"उजेड कमी-जास्त करायचं बटण मिळतंय म्हणं. चल की माझ्यासंगं."

बटण बसवलं, पण घरातला एलईडी त्याच्यावर नुसता फडफडू लागला. काकी कण्हल्या. आम्ही पुन्हा दुकानात.

"या बटणावर चालणारा एलईडी येगळा असतोय," दुकानदार म्हणाला. "मागवावा लागंल. न्हायतर हा साधा पिवळा बल्ब हाय. मस्त मंद हुतोय, पण वीज लई खातोय."

बापूंनी बल्ब हातात घेतला.

"खाऊ दे. ती आज रडाय लागलीया."

संध्याकाळी मी पेज घेऊन गेले, तेव्हा बापू बटण हळूहळू फिरवत होते.

"एवढा?"

"अजून कमी."

काकींनी तोंडावरचा पदर काढला. उजेड आणखी उतरला, तशा म्हणाल्या, "एवढा बी नको. तुमचं तोंड दिसू दे की."

बापूंनी तो किंचित वाढवला आणि पेज निवायच्या आत खुर्चीतच झोपी गेले. मी त्यांना हाक मारणार, तोच काकींनी हात हलवला. "निजू दे त्यास्नी. लई दमल्यात."

पावसाळा सरता सरता काकी गेल्या. दिवसकार्य झाल्यावर मुलगी बापूंना न्यायला आली.

"बापू, परत कधी येणार?" मी विचारलं.

पिशवी खाली ठेवून ते पायरीवर बसले.

"येतो की पोरी. आधी जरा दम खाऊ दे."