गाडी लागणाऱ्या माणसाची सफारी

रामटेके मामा तुआसच्या जहाजगोदीत जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कायम पहिल्या सीटवर, नाकाशी लिंबू धरून बसत. जहाजं दुरुस्त करणारा हा इंजिनिअर बसच्या दोन वळणांत पांढराफटक पडे. "मला गाडी लागते," हे ते पदवी सांगावी तसं सांगत. आणि याच माणसाला जगभरच्या सहली आखायचा नाद होता, अर्थात दुसऱ्यांच्या. तिथल्या परक्या देशात, क्लेमेंटी वस्तीतल्या आमच्या ब्लॉकमध्ये कुणी रजा टाकली, की मामा नकाशा घेऊन दारात हजर. "जाणार तुम्ही, फिरणार मी," म्हणत खुर्ची ओढून बसत.

दोन हजार सहा-सातची गोष्ट असेल. मी विद्यापीठात संशोधन करत होते आणि त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन राहत होते. माझी आई नागपूरची, तेही नागपूरचे, म्हणून ते मामा झाले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वर्ध्याला बाबा एकटेच. त्यांचा जन्म भूगोल शिकवण्यात गेला. फळ्यावर आफ्रिका काढून काढून बोटं पांढरी झाली. मग काचबिंदू निघाला. नजर कडेनं मिटत आत येत होती. डॉक्टर म्हणाले, जे पाहायचंय ते वर्षभरात पाहून घ्या. बाबा म्हणाले, "मोकळा हत्ती पाहायचाय. आफ्रिकेतला."

मी एका प्रसिद्ध अभयारण्याची जूनची तिकिटं काढायला निघाले, तर मामांनी मोडता घातला. त्यांचं म्हणणं, टांझानियातल्या आडबाजूच्या रुआहाला जा, तेही ऑक्टोबरात.

"मामा, तोवर डोळे थांबतील का?" माझा आवाज चढला.

"काहून घाई करतेस, बाई? जूनमध्ये गवत उंच असतं, बाबांना गवतच दिसेल. आणि त्या गर्दीत हत्ती कोसभर लांब, मध्ये जिपांची रांग. रुआहात नदी आटली, की हत्ती वाळू उकरून पाणी काढतात. तिथं जवळ जाऊन गप बसायचं. जंगलात पाहुण्यासारखं जावं. यजमानाला वाटेल तेव्हा तो दार उघडेल."

मी ऐकलं, पण ते महिने धाकधुकीत गेले. पेपरातली मोठी अक्षरंही आज पुसट दिसली, असं बाबा फोनवर म्हणाले की मला मामांचा रागच येई. मामा मात्र कामाला लागलेले. छोट्या विमानात कडक सुटकेस चालत नाही म्हणून त्यांनी मऊ बॅग आणली, पिवळ्या तापाची लस घ्यायला लावली. माझ्या कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करत ते आम्ही उतरणार त्या जंगलातल्या कॅम्पला ईमेल धाडत: बाबांना पुढची सीट द्या, पायरी आली की आवाज द्या, चहात साखर कमी घाला. खाली नाव फक्त 'मामा'.

रुआहाच्या धावपट्टीवर ड्रायव्हर जुमानं बाबांचा हात धरला आणि पहिलंच विचारलं, "मामा का नाही आल्या? किती काळजी करतात तुमची." स्वाहिली भाषेतही बाबा म्हणजे वडीलच, पण मामा म्हणजे आई. सगळा कॅम्प त्या ईमेल बाबांच्या बायकोच्या समजत होता. मी खुलासा करणार, तोच बाबांनी माझा हात दाबला.

"राहू दे. त्यांचं कुठं चुकलंय? तुझी आई असती तर तिनं हेच लिहिलं असतं." मग इंग्रजीत जुमाला म्हणाले, "मामाला गाडी लागते."

दोन दिवस हत्ती लांबच राहिले आणि मी मनातल्या मनात मामांशी भांडत राहिले. तिसऱ्या दिवशी कोरड्या पात्रात जुमानं इंजिन बंद केलं. एक हत्तीण पिल्लाला घेऊन थेट जीपशेजारी आली आणि सोंडेनं वाळू उकरू लागली. मी बाबांकडेच पाहत होते, त्यामुळे माझी हत्तीण निम्मी पाहायची राहिली. त्याचं मला काही वाटत नाही.

आता बाबांना फक्त उजेड-अंधार कळतो. मामा नोकरी संपवून नागपूरला परतले. रेल्वे त्यांना लागत नाही, म्हणून अधूनमधून वर्ध्याला येतात. मामांचे उपकार फेडायचा विचार मी केव्हाच सोडून दिलाय. गावी असले की दोघांचा चहा तेवढा करते. एकाला आता दिसत नाही, दुसऱ्यानं कधी पाहिलंच नाही. कप हातात आला की मामा दर वेळी नव्यानं विचारतात, "किती जवळ होती, गुरुजी?"

बाबा चेहरा त्यांच्या आवाजाकडे वळवतात. "पापण्यांचे केस दिसले, रामटेके. लांब होते, आणि त्यांवर वाळू होती."